पानावर न आलेली तक्रार

४ मार्च

भावोजी,

'प्रिय' वगैरे आज लिहीत नाही. फोनही करत नाही, कारण फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघतो वहिनी" म्हणता आणि विषय तिथेच मिटतो. शिवाय मला राग आला की रडू येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई नरमली. हे पत्र चादरींच्या व्हॅनवाल्याकडे देते आहे. तो मुख्य कार्यालयात माल पोचवायला येईल तेव्हा तुमच्या हातात ठेवील, आणि उत्तरही त्याच्याकडेच द्या.

आमच्या रोलरवर अपघात झाला हे ह्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. तुम्ही धुलाईघराचा कॉम्प्युटर बघता, धुलाईघर कधी बघितलेलं नाही, म्हणून सांगते. इस्त्रीखात्यात दोघी जणी ओली चादर दोन टोकांना धरून गरम रोलरमध्ये सारतात. रोलरच्या तोंडाशी आडवी पट्टी असते. कापडाबरोबर हात आत जायला लागला तर तो पट्टीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. त्या दिवशी पट्टीला हात लागला आणि रोलर थांबला नाही. नवी लागलेली पोरगी, आम्ही तिला बडबडी म्हणतो, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तळवा भाजला तो वेगळाच.

आता देखभालीचे साहेब म्हणतात की पट्टीबद्दल आमच्याकडे तक्रारच आली नव्हती. मी त्या पाळीची सुपरवायझर, म्हणजे खापर माझ्यावर. मला नोटीस आली आहे की धोका माहीत असून कळवला नाही, तर कामावरून का काढू नये. भावोजी, मी कळवला होता. तुमच्या त्या तक्रारींच्या यादीत माझ्या हाताने घातला होता. आजही मी माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यादी उघडते तर ती तक्रार तिथे आहे, आणि साहेब त्यांच्या कॉम्प्युटरवर जे पान बघतात त्यावर ती नाही. पान तुम्ही बनवलंत. मग तक्रार गेली कुठे, याचं मला सरळ उत्तर द्या.

वहिनी

९ मार्च

प्रिय वहिनी,

मी लिहितो 'प्रिय', तुम्ही रागवा खुशाल. पोरीचं ऐकून फार वाईट वाटलं. पण तुमच्या पत्रात मी एखाद्या चोरासारखा दिसतोय, तेवढं मात्र पटलं नाही.

तुम्ही बघता ती यादी आणि साहेब बघतात ते पान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत सगळ्या धुलाईघरांच्या सगळ्या तक्रारी असतात. नळ गळतो, पंखा वाजतो, साबण संपला, हजारो नोंदी. त्या सगळ्या साहेबांपुढे ओतल्या तर ते खिडकीतून उडी मारतील. म्हणून पान उघडलं की माझा कोड यादीकडे एक क्वेरी पाठवतो. क्वेरी म्हणजे अटी. स्थिती 'बंद' नसावी, तातडी 'धोक्याची' असावी, असं. गंमत म्हणजे या अटी ओळीने लिहिता येत नाहीत. दोन-दोनच्या जोड्या करून एकीच्या पोटात दुसरी बसवावी लागते, एक कंस चुकला की सगळं पान कोरं. ज्या नोंदी सगळ्या अटींना उतरतात तेवढ्याच दिसतात. तुमच्या घरच्या चाळणीसारखंच आहे.

तेव्हा तुमची तक्रार दिसली नाही याचा अर्थ ती भरताना काहीतरी राहिलं. दहातल्या नऊ वेळा हेच निघतं. तातडी 'साधी'च ठेवली असेल, नाहीतर कोणीतरी चुकून 'बंद' केली असेल. शांतपणे बघा आणि नेमकं कसं भरलंत ते कळवा. मग तुमच्या नोटिशीला काय उत्तर द्यायचं ते आपण मिळून लिहू. दादाला जास्त सांगू नका, त्याचं ब्लड प्रेशर तुम्हाला माहीत आहे.

तुमचा
भावोजी

११ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र वाचलं. 'शांतपणे बघा' हे दोन शब्द तुमच्या बायकोला लिहून बघा एकदा, मग कळेल.

तातडी 'धोक्याची'च आहे. स्थिती 'चालू' आहे. जोडीला दोघींना उभं करून बघितलं, तिघींचे डोळे एकदम बिघडले नसतील.

कसं भरलं ते ऐका. ही तक्रार मागच्या उन्हाळ्यातली आहे. तेव्हा पट्टी नुसती खडखडायची, म्हणून 'साधी' घातली. कोणी आलं नाही, मीही मागे लागले नाही, कारण खडखडण्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. जानेवारीत एकदा पट्टी दाबली आणि रोलर अर्धा फेरा पुढे जाऊन थांबला. त्याच दिवशी मी ती जुनी तक्रार उघडून तातडी 'धोक्याची' केली आणि काय झालं ते सविस्तर लिहिलं. त्यानंतर प्रत्येक पाळीने तिच्यावर लिहिलंय. "अजून तसंच आहे." "आज एकदा थांबलाच नाही." सगळं आहे तिथे.

नवी तक्रार घालायची नाही हा माझाच नियम आहे. एका मशीनच्या एका भागाची एकच तक्रार, जे काही होईल ते तिच्यावरच लिहायचं. नाहीतर पाळी बदलली की जी ती नवी घालते, साहेब शेवटची तेवढी वाचतात आणि म्हणतात, अहो हे तर कालचंच दिसतंय. दुखणं किती जुनं आहे हे पहिल्या नजरेत दिसावं म्हणून मी पोरींना तशी सवय लावली. यात माझं काय चुकलं ते सांगा.

आणि फिटरबद्दल. आमच्या तेलकाकांना तुम्ही ओळखत नाही. तेलाची बुधली खिशात घेऊनच जन्मलेत असं वाटतं. त्यांना आम्ही तोंडी काही सांगायचं नाही असा साहेबांचा हुकूम आहे, ते बॉयलरमागच्या शेडमध्ये बसतात आणि पानावर येईल तेवढंच काम करतात. पानावर नसेल तर त्यांना गोदामातून स्क्रूसुद्धा मिळत नाही. तरी मी त्यांना फाटकावर एकदा म्हटलं, "काका, आमच्या रोलरचं यादीत आहे हो." ते म्हणाले, "यादीत आहे ना, मग येईल माझ्यापर्यंत." त्यांनी यादीवर भरवसा ठेवला आणि मीही ठेवला.

बडबडीला भेटायला गेले होते. वॉर्डात ती अजून बडबडतेच. येईल त्या नर्सला सांगते की चूक माझीच, मी हात फार पुढे नेला. हे ऐकून मला काय झालं ते कागदावर लिहिता येत नाही. आणि रोलर दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा चालू केला बरं का. पट्टी आहे तशीच आहे. मशीन बंद करायचा अधिकार मला नाही, म्हणून बडबडीच्या जागी आता मी स्वतः उभी राहते. दुसऱ्या कुणाला उभी करत नाही.

चाळणीचं मला शिकवू नका. चाळणीत वर राहतं ते टाकायचं की खाली पडतं ते टाकायचं, हे चाळणारा ठरवतो. काय काय अटी घातल्यात तेवढं सांगा. 'असं' म्हणून उडवू नका.

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

घाईत लिहितोय, व्हॅनवाला खाली हॉर्न देतोय.

सापडलं. आणखी एक अट आहे. नोंद गेल्या तीस दिवसांत तयार झालेली असावी. शेवटचं कधी लिहिलं ते क्वेरी बघत नाही, पहिल्यांदा कधी घातली ते बघते. तुमची मागच्या उन्हाळ्यातली. तुम्ही तिच्यावर रोज लिहिलंत तरी तिची जन्मतारीख तीच राहिली. जानेवारीत ती 'धोक्याची' झाली तेव्हाच ती पानासाठी म्हातारी झालेली होती. ती एकदाही पानावर आलेली नाही. नव्याने घातली असती तर दुसऱ्या मिनिटाला आली असती.

तुमच्या नोटिशीवरची चौकशी समिती वीस तारखेला बसते आहे ना? तुम्ही तिथे या अटीबद्दल काही बोलू नका. तक्रार घातली होती एवढंच सांगा. बाकी मी बघतो.

भावोजी

२२ मार्च

भावोजी,

परवा समिती झाली. काय झालं ते तुम्हाला माहीत असणारच, पण माझ्या तोंडून ऐका.

मुख्य कार्यालयातून आलेल्या बाई अध्यक्ष होत्या, बरोबर आणखी दोघे. मी बोलायचं सगळं मनाशी पक्कं करून गेले होते. तुम्ही नको म्हणालात तरी गेले होते. पान उघडतील, त्यावर तक्रार नसेल, मग मी सांगेन की बाई, ही यादीत आहे पण अशा अशा अटीमुळे पानावर येत नाही. भिंतीवर पान दाखवलं. माझी तक्रार सगळ्यांत वर होती. लाल अक्षरात.

आता सांगायचं तरी काय, तक्रार तर समोरच होती. बाईंनी विचारलं, ही तुमचीच ना? मी हो म्हटलं. साहेबांनाही ते नवीन असावं, चेहऱ्यावर दिसलं. पण हा माणूस मांजरासारखा चार पायांवर पडतो. लगेच म्हणाले, मी एवढी पानं रोज कशी बघणार, ते काम फिटरचं. पानावर ढळढळीत दिसत असताना त्याने दुर्लक्ष केलं. मग तेलकाकांना आत बोलावलं. ते भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला ही दिसली नव्हती, बाई." पुन्हा विचारलं तरी तेच. साहेब हसले. समितीतला एक जण म्हणाला, चष्मा बदला. काका चष्मा काढून पुसायला लागले, खरंच पुसायला लागले, आणि मला तिथे बसवेना.

संध्याकाळी मला पत्र मिळालं की माझ्याकडून कसूर झालेली नाही. काकांना घरी बसवलं आहे, निकाल लागेपर्यंत. निकाल काय लागणार हे शेंबडं पोरही सांगेल. निवृत्तीला आलेला माणूस, आयुष्यभर एकाही मशीनवर झाकण न लावता उठला नाही, आणि जाताना कपाळावर बडबडीची बोटं घेऊन जाणार.

त्या पानावर ही तक्रार कधीच आली नव्हती हे तुम्ही स्वतः मला लिहिलंत. मग परवा ती भिंतीवर कशी आली?

वहिनी

२६ मार्च

वहिनी,

मी अट काढली. एकोणीस तारखेला, कार्यालय सुटल्यावर. एक ओळ होती, ती काढली, जोड्या नीट बसवल्या आणि तुमची तक्रार वर आली. तुम्हाला हेच हवं होतं ना? तक्रार साहेबांच्या पानावर का नाही, असं तुम्हीच पहिल्या पत्रात विचारलंत. आता आहे. नोटीस गेली, नोकरी राहिली, आणि वर मलाच शिव्या. तुमच्या जागी दुसरी कोणी असती तर पाठ थोपटली असती.

रागाने लिहितोय, लिहू द्या. ती अट मी हौसेने घातली नव्हती. साहेबांनीच घालायला लावली होती, मागच्या वर्षी. मोठ्या मीटिंगमध्ये वरच्या लोकांनी त्यांना विचारलं होतं की इतक्या जुन्या तक्रारी पडून कशा. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, पान एका नजरेत मावलं पाहिजे, महिन्यापूर्वीचं काही दिसता कामा नये. मी म्हटलं, जुन्या राहून गेल्या तर? ते म्हणाले, त्या मी बघतो. कागदावर काही नाही. तोंडी सांगितलं आणि मी घातली. साहेबांनी सांगितलं की घालतात, वहिनी, तुम्हीही हुकूम आहे म्हणून फिटरशी बोलत नाही.

समितीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, पान आता छान झालंय, असंच राहू दे. एवढंच. त्यांनाही कळलंय आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलंय. कोडच्या जुन्या आवृत्त्या फक्त मला उघडता येतात, मी तोंड उघडलं नाही तर कोणाला काही दिसणार नाही. उघडलं तर चौकशी चालू असताना पुराव्याला हात लावला म्हणून पहिला मी जाईन.

तेलकाका चांगले असतील. पण ते माझे कोण? तुम्ही माझ्या वहिनी आहात. आई गेल्यावर मला शाळेचा डबा तुम्ही भरून दिलात. दोघांतल्या एकालाच बाहेर काढता येत असेल तर मी तुम्हालाच काढणार, आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही. हे आता इथेच मिटवा.

भावोजी

३० मार्च

भावोजी,

डब्याची आठवण काढलीत ते बरं केलंत. तो मी दिला होता तो पोराला भूक लागते म्हणून. त्याची अशी परतफेड होणार असं ठाऊक असतं तर उपाशी धाडलं असतं.

तुम्ही मला बाहेर काढलं नाहीत. तुम्ही मला काकांच्या अंगावर उभं केलंत. मी रोज त्या शेडवरून जाते. आत दुसरा फिटर बसलेला असतो आणि तो मला हात करतो, कारण त्याला वाटतं मी खरं बोलून सुटले. पाळीतल्या बायका म्हणतात, बघा, ताईंनी लिहिलं होतं, काकांनीच लक्ष दिलं नाही. ज्या माणसाचं बोट धरून मी रोलर शिकले त्याच्याबद्दल हे मी ऐकून घेते, मान डोलावते आणि घरी येऊन ह्यांच्याशी भांडते. ह्यांचं ब्लड प्रेशर तुम्ही वाढवलंत, मी नाही.

मिटवा म्हणालात. मिटवलं नाही. काल अध्यक्षबाईंना भेटले. माझी कसूर नसल्याचं ते पत्र त्यांच्या टेबलावर परत ठेवलं आणि म्हटलं, मला हे नको. त्या म्हणाल्या, का? मी सांगितलं की समितीच्या दिवशी दिसलेलं पान आणि काकांना रोज दिसायचं ते पान एक नव्हतं. त्या म्हणाल्या, हे तुम्हाला कसं माहीत? तुमची पत्रं मी त्यांना दाखवली नाहीत, दाखवणारही नाही, ती घरातली आहेत. मी म्हटलं, ज्याने ते पान बनवलं तो माझा दीर आहे, त्याला बोलावून विचारा.

तुम्हाला तीन तारखेला बोलावतील. खोटं बोललात तर मी वेडी ठरेन आणि काका जातील. खरं बोललात तर तुमचं काय होईल ते मला माहीत आहे. माझी नोटीस पुन्हा उघडेल तेही माहीत आहे, कारण दिराने वहिनीसाठी केलं असंच सगळे म्हणणार. दोन्हींचा विचार करून गेले होते.

मी तुम्हाला विनंती करत नाहीये. विनंती करायची माझी मनःस्थिती नाही.

वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

तुमच्यावर माझा अजून राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. न विचारता माझं नाव घेतलंत. आधी मला चार ओळी लिहिल्या असत्या तर मी कदाचित स्वतःहून गेलो असतो. कदाचित गेलोही नसतो, आता ते कोणालाच कळणार नाही, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचा आहे.

काल तुमच्या धुलाईघरात समितीपुढे तुम्ही मागच्या खुर्चीत बसला होतात. माझ्याकडे बघितलं नाहीत, म्हणून समोरून काय दिसत होतं ते सांगतो. आदल्या संध्याकाळी साहेब मला भेटायला आले होते. चहा पाजला. म्हणाले, पान आपोआप बदलतं असं सांग, कॉम्प्युटरचं त्यांना काय कळतंय. मी हो म्हटलं. आत शिरेपर्यंत तेच सांगायचं ठरवलं होतं.

मग बाईंनी कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, समजावू नका, दाखवा. काका माझ्या डाव्या हाताला बसले होते. मी कोड उघडला. ती तारखेची अट पुन्हा होती तिथे घातली, जोडीच्या पोटात जोडी, आणि पान पुन्हा उघडलं. भिंतीवरून तुमची तक्रार गेली. काका पुढे वाकले आणि म्हणाले, "हां, हे माझं पान." अगदी साधेपणाने म्हणाले, एखाद्याला हरवलेली टोपी मिळावी तसं. मग मी अट काढली, तक्रार परत आली. बाईंनी मला ते तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळेला साहेब उठून पाणी प्यायला गेले.

बाईंनी विचारलं, ही अट घातली कोणी? मी म्हणालो, मी. घालायला कोणी सांगितली? मी साहेबांचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही, पुरावा दाखवा. माझ्याकडे पुरावा नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. बाईंनी लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, अपघातानंतर ती काढली कोणी? मी. काढायला कोणी सांगितली? तेव्हा साहेब माझ्याकडे बघत होते आणि तुम्हीही पहिल्यांदा मान वर केलीत. मला वाटतं तुम्हाला वाटलं की मी तुमचं नाव घेईन. मी म्हणालो, कोणी नाही. माझ्या वहिनीची नोकरी वाचवायला मी काढली, आणि तिला न सांगता काढली.

आज सकाळी माझ्याकडून कोडच्या सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या. टेबल रिकामं करायला सांगितलंय. तुमची नोटीस पुन्हा उघडली आहे, ते कागद तुम्हाला उद्यापर्यंत येतील. साहेब त्यांच्या खुर्चीत आहेत, त्यांची चौकशी 'स्वतंत्रपणे' होणार आहे म्हणे. तेवढा राग आपण दोघांनी मिळून करायला हरकत नाही.

काल तुम्ही बाहेर निघून गेलात, मी थोडा मागे राहिलो. तुमचं इस्त्रीखातं मला बघायचं होतं, इतकी वर्षं कधी बघितलं नव्हतं. वाफेने काही दिसेना. मग दिसलं की रोलर बंद आहे, चादरींचे ढीग तसेच पडलेत, आणि काका जमिनीवर बसून पट्टी उघडतायत. हुकूम कोणी दिला विचारलं, तर म्हणाले, अजून कोणी नाही.

भावोजी